११ किलोमीटरसाठी २६ किलोमीटरची वाट : श्वार्त्सवाल्डच्या रेल्वेची गोष्ट

जर्मनीच्या नैऋत्य कोपऱ्यात होर्नबेर्ग आणि झांक्ट गेओर्गन नावाची दोन छोटी गावं आहेत. पक्षी उडत गेला तर त्यांच्यातलं अंतर ११ किलोमीटर. रेल्वेनं जा, २६ किलोमीटर. दीडपट नाही, दुपटीहून जास्त. आणि हा वळसा चुकून पडलेला नाही. एका माणसानं नकाशे पुढ्यात घेऊन, हिशोब मांडून, मुद्दाम रस्ता लांबवला. आपल्याकडे ह्याला द्राविडी प्राणायाम म्हणतात आणि तो शब्द कौतुकानं वापरत नाहीत. ह्या मार्गाच्या बाबतीत मात्र हात डोक्यामागून फिरवल्याशिवाय नाकाला लागणारच नव्हता.

श्वार्त्सवाल्ड म्हणजे शब्दशः काळं जंगल. सूचिपर्णी झाडांनी गच्च भरलेला डोंगराळ मुलूख. त्याच्या पश्चिम पायथ्याशी ऱ्हाईन नदीचं सपाट खोरं आणि तिथलं ओफेनबुर्ग हे शहर. ओफेनबुर्गहून आग्नेयेला डोंगर ओलांडून झिंगनपर्यंत जाणारा सुमारे १४९ किलोमीटरचा मार्ग म्हणजे ‘श्वार्त्सवाल्डबान’. ‘बान’ म्हणजे रेल्वेमार्ग. वाटेत जवळपास चाळीस बोगदे आहेत आणि त्यातले बहुतेक सगळे एकाच पट्ट्यात, होर्नबेर्ग ते झांक्ट गेओर्गनमध्ये, गर्दी करून बसले आहेत. सगळी गंमत त्या पट्ट्यातच आहे, म्हणून आपणही मुक्काम तिथेच करू.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. होर्नबेर्ग स्टेशन समुद्रसपाटीपासून ३८४ मीटरवर आहे. मार्गाचं सर्वात उंच ठिकाण झोमराऊच्या बोगद्यात, ८३२ मीटरवर. म्हणजे ४४८ मीटर चढायचं. माणूस धापा टाकत चढेल, बैलगाडी चढेल, एसटी पहिल्या गिअरमध्ये कुरकुरत चढेल. रेल्वेला हे का जमत नाही?

कारण रेल्वेचा सगळा फायदा तिच्या गुळगुळीतपणात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण फारच कमी. सपाटीवर एक टन वजनाचा डबा सावकाश ओढत ठेवायला दोन-तीन किलोचा ओढा, म्हणजे तेवढ्या वजनाइतका जोर, पुरतो. म्हणूनच एक इंजिन शेकडो टन ओढू शकतं. पण चढावर गुरुत्वाकर्षण आपला वाटा मागतं आणि त्याचा हिशोब अगदी सरळ आहे : हजार मीटर जाताना जितके मीटर चढायचं, तितके किलो ओढा दर टनामागे जास्त लागतो. हजारात २० मीटरचा चढ असेल तर दर टनाला २० किलो. आपल्याला नुसता दिसतही नाही इतका हा चढ, पण गाडी त्याच्यावर सपाटीच्या आठ ते अकरापट जड होते. इंजिनासकट ३०० टनांची गाडी धरली तर फक्त चढासाठी ६ टनांचा ओढा.

मग जोरदार इंजिन लावा, असं कुणीही म्हणेल. इथेच खरी मेख आहे. इंजिनात ताकद कितीही असली तरी ती शेवटी चाक आणि रूळ ह्यांच्यातल्या पकडीतूनच बाहेर येते. जो गुळगुळीतपणा सपाटीवर उपकार करतो, तोच घाटात दावा साधतो. कोरड्या रुळावर इंजिन आपल्या चालत्या चाकांवरच्या, म्हणजे ज्यांना ते स्वतः फिरवतं त्या चाकांवरच्या, वजनाच्या साधारण पाव हिश्शाइतकं ओढू शकतं. पाऊस, दव, पडलेली ओली पानं असली की सहावा हिस्सा किंवा त्याहून कमी. चालत्या चाकांवर ४० टन वजन असलेलं इंजिन घ्या. कोरड्यात १० टन, ओल्यात साडेसहा टन. त्यापुढे चाक जागच्या जागी गरागरा फिरतं आणि गाडी हलत नाही.

आता होर्नबेर्गहून सरळ रेषेत रूळ टाकून पाहा. ११ किलोमीटरमध्ये ४४८ मीटर, म्हणजे हजारात चाळीसच्याही वर. आपल्या ३०० टनांच्या गाडीला १२ टनांचा ओढा हवा. कोरड्यातही खलास. उलट, चढ हजारात २० च्या पुढे जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तर ४४८ मीटर चढायला किमान २२.४ किलोमीटर रूळ हवेत. त्यात स्टेशनांजवळ गाडी थांबायला थोडी सपाटी हवी आणि वळणावर चाकं रुळाला घासतात म्हणून तिथे चढ जरा सौम्य ठेवावा लागतो. बेरीज करत गेलात की २६ च्या आसपास पोहोचता. तो वळसा असा गणितातून निघाला आहे.

आता दुसरा पेच. अकरा किलोमीटरच्या दरीत सव्वीस किलोमीटर रूळ मावायचे कसे? रस्त्यासाठी उत्तर सोपं असतं, नागमोडी वळणं. महाबळेश्वरला चढताना गाडी कशी झटक्यात उलटी फिरते, तशी. रेल्वेला ते शक्य नाही. डब्यांची चाकं एकमेकांना समांतर आसांवर घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे वळण ऐसपैसच लागतं. ह्या मार्गावर वळणाची त्रिज्या ३०० मीटरपेक्षा कमी ठेवलेली नाही. म्हणजे गाडीला पूर्ण उलटं फिरायचं तर सहाशे मीटर रुंद मोकळी जागा पाहिजे, आणि अरुंद दरीत तीच तर नसते.

ह्याच काळात हाच पेच आपल्या सह्याद्रीतही पडला होता. भोर घाटातला मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला, श्वार्त्सवाल्डचा घाट पूर्ण होण्याच्या बरोबर दहा वर्षं आधी. तिथल्या इंजिनिअरांनी चढ जास्त तीव्र पत्करला, ३७ मीटरला एक मीटर, म्हणजे हजारात २७. आणि वळायला जागा नव्हती तिथे खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केलं : गाडी पुढे जाऊन एका टोकाला थांबायची, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूला लागायचं आणि गाडी उलट दिशेनं पुढचा चढ चढायची. इंग्रजी झेड अक्षरासारखा हा प्रकार. तो १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे संपला, पण चढ राहिलाच. कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात आणि तेवढ्यात लोक वडापाव आणायला उतरतात, ते ह्या हजारात २७ मुळे.

श्वार्त्सवाल्डबान आखणाऱ्याला झेड नको होता. दर खेपेला इंजिन सोडा-जोडा, त्यात वेळ घालवा, टोकाला गाडी आवरली नाही तर सरळ दरीत. त्याचं नाव रोबेर्ट गेर्विग, बाडेन संस्थानाचा इंजिनिअर. त्यानं वेगळी युक्ती केली. मुख्य दरीला आडव्या येऊन मिळणाऱ्या छोट्या दऱ्या त्यानं हेरल्या. रूळ मुख्य दरीतून सरळ वर न नेता तो अशा एका बाजूच्या दरीत शिरला, तिच्या कुशीला धरून आत गेला, वळणाचा मोठा भाग डोंगराच्या पोटात बोगद्यात घातला आणि समोरच्या कड्यावरून, आधीपेक्षा वरच्या पातळीवर, परत बाहेर आला. मोकळी जागा नाही ना? मग डोंगराच्या आत करू. वाटेतल्या ट्रीबेर्ग गावाच्या खाली एकदा आणि वर एकदा असे दोन मोठे फेरे त्यानं टाकले. एका डोंगरकड्यावर एक ठिकाण आहे, त्याला स्थानिक लोक ‘ड्रायबाहनेनब्लिक’ म्हणतात. तिथून एकाच मार्गाचे तीन पदर, एकावर एक, दिसतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते तीन वेगळे मार्ग वाटतात.

ह्या युक्तीचा एक फायदा चटकन लक्षात येत नाही. बाजूच्या दरीत खूप आत शिरलं की तिथला पाण्याचा ओढा अगदी लहान असतो, तो भराव घालून किंवा छोट्या मोरीवरून ओलांडता येतो. त्यामुळे इतक्या डोंगराळ मार्गावर डोळ्यांत भरणारा मोठा पूल एकच आहे, होर्नबेर्ग गावाच्या डोक्यावरून जाणारा, सुमारे १५० मीटर लांब आणि २४ मीटर उंच. आधी तो लोखंडी होता, १९२५ च्या सुमारास त्याच्या जागी दगडी कमानी आल्या. बाकी सगळं काम बोगद्यांनी केलं. उंच पुलांच्या फोटोंवर भाळणाऱ्यांना हा मार्ग थोडा निराश करतो; बराच वेळ खिडकीत अंधारच असतो.

होर्नबेर्ग म्हटलं की कुठलाही जर्मन माणूस रेल्वेच्या आधी एक गोष्ट सांगेल. १५६४ मध्ये म्हणे व्युर्टेंबेर्गचा ड्यूक गावात येणार होता. तोफांची सलामी द्यायची ठरली. लांबून धूळ उडाली, तोफा धडाडल्या, आली ती घोड्यांची टपालगाडी. पुन्हा धूळ, पुन्हा तोफा, फेरीवाल्याची गाडी. तिसऱ्यांदा गुरांचा कळप. खरा ड्यूक आला तेव्हा दारू संपलेली. मग लोकांनी तोंडानंच तोफांचा आवाज काढला! ज्या गोष्टीचा गाजावाजा मोठा आणि निष्पन्न शून्य, तिला जर्मनमध्ये आजही ‘होर्नबेर्गची तोफबाजी’ म्हणतात. आपण म्हणू डोंगर पोखरून उंदीर काढला. त्याच गावाबाहेर पुढे खरोखरच डोंगर पोखरले गेले आणि उंदरापेक्षा बरंच काही निघालं.

आता एक साधा प्रश्न. इतका त्रास होता तर दुसरी एखादी सोपी दरी नव्हती का? होती. शिल्टाख गावावरून जाणारी वाट भूगोलाच्या दृष्टीनं जास्त सोयीची होती. अडचण भूगोलाची नव्हती, सरहद्दीची होती. तेव्हा जर्मनी नावाचा एक देशच नव्हता. बाडेन हे एक राज्य, शेजारचं व्युर्टेंबेर्ग हे दुसरं, आणि सोपी वाट व्युर्टेंबेर्गच्या हद्दीतून जात होती. आपल्या पैशानं बांधलेली रेल्वे शेजाऱ्याच्या अंगणातून न्यायची, त्याची परवानगी, त्याच्या अटी, बाडेनला हे मान्य होणं शक्य नव्हतं. तेव्हा डोंगरातले ते दोन फेरे जितके गुरुत्वाकर्षणामुळे, तितकेच नकाशावरच्या एका रेघेमुळेही. मला ह्या मार्गाची सगळ्यात बोचरी गोष्ट हीच वाटते, कारण १९५२ मध्ये दोन्ही मिळून बाडेन-व्युर्टेंबेर्ग हे एकच राज्य झालं. रेघ पुसली गेली, वळसा राहिला.

तिसरीही एक वाट विचारात होती, फुर्टवांगन गावावरून. ती आणखी उंचावरून गेली असती म्हणून मागे पडली. आणि इथे गेर्विगची खरी पंचाईत झाली असणार, कारण फुर्टवांगन हे त्याचं जुनं गाव. जन्माचं नव्हे, नोकरीचं. श्वार्त्सवाल्डमध्ये हिवाळ्यात शेतकरी घरोघरी लाकडी घड्याळं करायचे आणि फेरीवाले ती पाठीवर लादून देशोदेशी विकायला न्यायचे. हा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला डबघाईला आला, तेव्हा बाडेन सरकारनं १८५० मध्ये फुर्टवांगनला घड्याळजींची शाळा काढली आणि तिचा प्रमुख म्हणून नेमला हाच रस्ते-पूल करणारा इंजिनिअर, गेर्विग. त्यानं आल्या आल्या एक स्पर्धा जाहीर केली : घड्याळाला काळाला शोभेल असं नवं रूप सुचवा. बाडेनच्या रेल्वेची स्टेशनं आणि इमारती उभारणारा वास्तुविशारद फ्रीडरिश आयझेनलोर ह्यानं एक चित्र पाठवलं. रेल्वे फाटकावरच्या गेटमनचं टुमदार घर, उतरत्या छपराचं, वेलबुट्टीचं, आणि दर्शनी भिंतीवर घड्याळाची तबकडी.

छप्पर, वेलबुट्टी, आणि वर दार उघडून ओरडणारा पक्षी. लोक आज जर्मनीहून आठवण म्हणून जे कुक्कू घड्याळ आणतात, ते ह्याच चित्राचं बाळ. शिकाऱ्याची झोपडी वगैरे काही नाही, ती रेल्वेच्या गेटमनची चौकी आहे. आणि तिला जन्म देणारी स्पर्धा ज्यानं भरवली, त्यानंच पुढे घड्याळांच्या मुलखात रेल्वे नेली. फक्त स्वतःच्या शाळेच्या गावाला वगळून. फुर्टवांगनला पुढे १८९० च्या दशकात एक फाटा मिळाला, तोही १९७२ मध्ये बंद झाला.

सपाटीवरचे तुकडे १८६० च्या दशकातच एकेक करून सुरू झाले होते. घाटाचा अवघड भाग जोडला गेला आणि सलग गाडी धावली ती नोव्हेंबर १८७३ मध्ये. तोवर गेर्विगची कीर्ती आल्प्सपर्यंत पोहोचली होती. स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड रेल्वेनं त्याला १८७२ मध्येच बोलावून घेतलं. तिथेही पुढे हाच मंत्र चालला, बोगद्यात फेरे मारून उंची कमवायची. ट्रीबेर्ग स्टेशनजवळ त्याचं स्मारक आहे.

रस्ता लांबवला नसता तर काय झालं असतं, ह्याचं उत्तरही जवळच आहे. दक्षिणेला फ्रायबुर्गहून डोंगरात शिरणारा ह्योलेनटालबान, म्हणजे नरकदरीचा मार्ग, १८८७ मध्ये सुरू झाला. त्याच्याही आखणीत गेर्विगचा हात होता, पण उद्घाटन पाहायला तो उरला नाही. तिथे उंचीसाठी असे फेरे मारले नाहीत. चढ हजारात ५५. इतक्या चढावर नुसत्या पकडीवर भरवसा ठेवणं त्या काळी शक्य नव्हतं, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आणि इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकवून गाडी वर चढू लागली. सुरक्षित, पण गोगलगाय. १९३३ मध्ये जास्त वजनाची आणि ताकदीची इंजिनं आली तेव्हा ती पट्टी काढली.

ह्या नरकदरीचा मुंबईच्या लोकलशी संबंध आहे, असं कुणी सांगितलं तर थट्टा वाटेल. पण आहे. जर्मन रेल्वेची वीज घरातल्या विजेपेक्षा वेगळी असते, सेकंदाला तेव्हा १६⅔ आणि आता १६.७ आवर्तनांची, आणि तिच्यासाठी वेगळी वीजकेंद्रं लागतात. घरातली ५० आवर्तनांची वीजच थेट तारेत सोडता येईल का, ह्याचा प्रयोग जर्मनांनी १९३६ मध्ये ह्योलेनटालच्या चढावर सुरू केला, २० हजार व्होल्टवर. युद्धानंतर हा भाग फ्रेंचांच्या ताब्यात आला. फ्रेंच रेल्वेच्या इंजिनिअरांनी तो प्रयोग बारकाईनं अभ्यासला आणि त्यावरून आपली २५ हजार व्होल्टची पद्धत विकसित केली. भारतीय रेल्वेनं १९५७ मध्ये फ्रेंचांच्या सल्ल्यानं तीच पद्धत स्वीकारली. मुंबईची उपनगरी गाडी मात्र जुन्या १५०० व्होल्टच्या डीसीवर अडून बसली होती. तिचं रूपांतर २०१२ ते २०१६ च्या दरम्यान पूर्ण झालं. खुद्द ह्योलेनटालला १९६० मध्ये परत जर्मन वीज जोडली. प्रयोगशाळेनं प्रयोग सोडला, जगानं उचलला.

श्वार्त्सवाल्डबानवर वीज उशिरा आली. १९७० च्या दशकापर्यंत घाटातल्या बोगद्यांमध्ये धूरच. तारा टाकायच्या तर जुन्या बोगद्यांत त्यांच्यासाठी जागा करावी लागणार होती. १९७५ मध्ये घाटापलीकडच्या फिलिंगनपर्यंत आणि १९७७ मध्ये झिंगनच्याही पुढे, सरोवराकाठच्या कोन्स्टान्त्सपर्यंत विजेची गाडी धावू लागली. विजेनं उताराचाही प्रश्न सोडवला. चढताना जसा गुरुत्वाकर्षणाचा हप्ता भरावा लागतो, तसा उतरताना तो परत मिळतो. वाफेच्या काळी तो सगळा ब्रेकच्या उष्णतेत उडून जायचा. आजच्या इंजिनाची मोटर उतारावर जनित्र बनते आणि वीज तारेत परत ढकलते.

आता प्रत्यक्ष गाडी. कार्ल्सरूह ते कोन्स्टान्त्स अशी दुमजली डब्यांची रीजनल एक्सप्रेस साधारण दर तासाला असते. २०२३ मध्ये महिन्याला ४९ युरोंना सुरू झालेलं आणि नंतर महागलेलं ‘डॉइचलांड-टिकेट’ तिच्यात चालतं. श्वार्त्सवाल्डमधल्या बऱ्याच गावांत मुक्काम केला तर ‘कोनुस’ नावाचं पाहुणे-कार्ड मिळतं, त्याच्यावर प्रवास फुकट. आधी किन्त्सिग नदीचं रुंद खोरं, फळबागा, उंच छपरांची लाकडी घरं. हाउसाखनंतर गाडी उजवीकडे गूटाख नदीच्या दरीत शिरते, आणि होर्नबेर्गचा पूल ओलांडला की कान थोडे दडे बसल्यासारखे होतात. वरच्या मजल्यावर बसा. कुठल्या बाजूला बसायचं हे विचारू नका. फेऱ्यांमुळे दरी सारखी बाजू बदलते, दोन्हीकडच्यांना न्याय मिळतो. बोगदा, उजेड, बोगदा. मधेच खाली रूळ दिसतात आणि क्षणभर कळत नाही की आपण दहा मिनिटांपूर्वी तिथे होतो.

शेवटचा झोमराऊचा बोगदा १६९७ मीटर लांब, सगळ्यात मोठा. त्याच्या डोक्यावरच्या डोंगरावर युरोपची एक मोठी पाणलोट-रेषा आहे. पश्चिमेला पडलेला पाऊस ऱ्हाईनमार्गे उत्तर समुद्राला जातो, पूर्वेला पडलेला डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. बोगद्यातून बाहेर पडलं की रुळाशेजारी ब्रिगाख नावाचा ओढा दिसतो. डोनाउएशिंगनला त्याला ब्रेग नदी मिळते आणि तिथून पुढे तिचं नाव डॅन्यूब.

गाडी त्या बाल-डॅन्यूबच्या काठानं इमेंडिंगनला येते, आणि इथे नदी फसवते. खालचा चुनखडक पोकळ आहे. पाणी त्याच्या भेगांमधून खाली उतरतं आणि वर्षातले बरेच दिवस नदीचं पात्र चक्क कोरडं पडतं. ते पाणी जातं कुठे, ह्यावरून वाद होता. १८७७ मध्ये पाण्यात हिरवा चमकणारा रंग सोडला गेला आणि सुमारे ६० तासांनी दक्षिणेला बारा-एक किलोमीटरवरचा आखचा झरा हिरवा झाला. आखचं पाणी कोन्स्टान्त्सच्या सरोवरात जातं, आणि त्या सरोवरातून ऱ्हाईन वाहते.

म्हणजे ज्या पाणलोटावर चढायला गाडीनं सव्वीस किलोमीटर घेतले, तो पाण्यानं जमिनीखालून अडीच दिवसांत पार केला. गाडीही झिंगनवरून पुढे त्याच सरोवराच्या काठानं कोन्स्टान्त्सला पोहोचते. शहरात शिरण्याआधी ती एक पूल ओलांडते. खाली ऱ्हाईन असते, आणि हे पाणी काही दिवसांनी ओफेनबुर्गच्या पश्चिमेकडून वाहत जाणार असतं.